आत्यांच्या छातीत दुखलंच नाही

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर पळसदेवचं. उजनी धरणाचं पाणी उतरलं आणि जुनं देऊळ उघडं पडलं की त्यांना तिथवर चालत जायचं असतं, आणि काटेवाडीहून त्यांना घेऊन जायचं काम माझं. त्या उन्हाळ्यात मात्र माझं मन होत नव्हतं. बीपीपायी त्यांची किडनी निम्म्याहून कमी चालत होती. आम्ही सगळे त्या किडनीच्याच मागं लागलेलो. जेवणात मीठ कमी, गुडघेदुखीच्या गोळ्या बंद, बारामतीला जाऊन अधूनमधून रक्ताची तपासणी. धाप लागली की किडनीमुळं, पाय सुजले की किडनीमुळं. हृदयाचं नाव कुणी काढलंच नाही.

भेगाळलेल्या गाळावरून चालता चालता आत्या मध्येच खाली बसल्या. जबडा दुखतोय म्हणाल्या. चेहरा घामानं निथळत होता. छातीत दुखतंय का म्हणून मी विचारलं, तर न्हाय म्हणाल्या. सकाळपासून पोटात काही नाही, पित्त चढलं असेल, असं त्यांचं म्हणणं. घोटभर पाणी पिऊन त्या पुढं जायला उठूही लागल्या. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो गार लागला. इतक्या उन्हात गार. मी त्यांच्या भावाला फोन करून गाडी मागवली आणि सरळ इंदापूर गाठलं. आत्या वाटभर खिडकीकडं तोंड करून बसल्या, देवळाच्या वाटेवरून माघारी आणलं म्हणून.

इंदापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हृदयाचा झटका आहे म्हणून सांगितलं, गोळ्या चावून खायला दिल्या आणि ॲम्ब्युलन्सनं बारामतीला पाठवलं. तोवर माझे मिस्टरही तिथं पोचले होते.

हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की किडनी अधू असली की हृदयाच्या नळ्याही लवकर खराब होतात. रक्तदाब चढा राहतो, रक्तातले क्षार बिघडतात, नळ्यांच्या भिंतीत चुना बसल्यासारखं होऊन त्या कडक होतात. आणि अशा पेशंटच्या छातीत दुखेलच असं नाही. कुणाला नुसती धाप लागते, कुणाचा जबडा दुखतो. मी ऐकत होते आणि मागच्या हिवाळ्यात वांग्याच्या सरीत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या आत्या माझ्या डोळ्यांपुढं येत होत्या. ती धाप मग कशाची होती?

अँजिओग्राफी करायलाच हवी होती, पण त्यासाठी नळीत जे औषध सोडतात त्यानं किडनी आणखी बसू शकते, कदाचित डायलिसिसही लागेल. नाही केली तर पुढचा झटका मोठा येऊ शकतो. किडनीच्या डॉक्टरांचं मत पडलं, की छाती शांत आहे तोवर थोडं थांबू, सलाईन हळूहळू देऊ, मग करू. मिस्टरांना ते थांबणंही नको होतं आणि करणंही नको होतं. ते पार्किंगमध्ये जाऊन यायचे, खुर्चीवर टेकायचे, पुन्हा उठायचे. माझंही तेच. कँटीनचा चहा घ्यायचा, तो तसाच ठेवून वर यायचं, मशीनवरच्या हिरव्या रेघेकडं बघायचं. रेघ जरा वेडीवाकडी झाली की नर्सला हाक. ती म्हणायची, ताई, त्यांनी कूस बदलली.

आईला काही सांगायचं नाही, असं मिस्टरांनी बजावलं होतं. पण आत्यांनी मलाच जवळ बसवून घेतलं.

"तो लपवतोय. तू सांग, काय हाय ते."

मी सगळं सांगितलं. डायलिसिसचंही.

"मशीनवर बसायची पाळी आली तर बसीन मी," त्या म्हणाल्या. "पर काळीज आता फुटंल, मग फुटंल म्हणून पडून ऱ्हायचं मला जमायचं न्हाय. डाक्टरास्नी म्हणावं, करा."

मिस्टर माझ्यावर चिडले. पण सही त्यांनीच केली.

डॉक्टरांनी औषध जपून, थोडंच वापरलं. एक नळी जवळपास बंद झाली होती, तिथं स्टेंट बसवला. दुसरी अर्धी अडलेली, ती गोळ्यांवर ठेवली. पुढचे काही दिवस रक्तातला किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, चढत गेला आणि लघवी कमी झाली. प्रत्येक सकाळी रिपोर्ट येईस्तोवर मला काही सुचायचं नाही. मग तो आकडा थांबला, उतरू लागला. पहिल्याइतका नाही उतरला, पण डायलिसिस टळलं. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि घरी कधी सोडणार तेवढं विचारलं.

आता त्या पुन्हा मळ्यात जातात. मी मागून जाते, काहीतरी काम काढून. त्यांनी जबड्याला हात लावला की मी हातातलं टाकून जवळ जाते. बहुतेक वेळा दातात काही अडकलेलं असतं. रोज सकाळी त्यांच्या घोट्यावर बोट दाबून सुजेचा खड्डा पडतो का ते बघते. परवा गवार तोडताना त्यांनी मला पकडलंच.

"माझ्याकडं काय बघतीस? शेंगा जून व्हायल्यात."

मी खाली वाकले आणि तोडू लागले. दोन झाडं झाली की मान आपोआप वर व्हायची. त्या तेवढ्यात सरीच्या त्या टोकाला पोचलेल्या असायच्या.