ओहोटीतली ओढ

पलीकडच्या गावात लेकीला कळा सुरू झालेल्या आणि इकडे खाडीला ओहोटी, होडी गाळात रुतलेली. मी धक्क्यावर येरझारा घालत होतो.

“काका, तुमच्या चालण्याने पाणी चढायचं नाही,” होडीवाला म्हणाला.

सूर्य चंद्राच्या सुमारे पावणेतीन कोटी पट जड, पण चारशे पट लांब. म्हणून भरतीवर जोर चंद्राचाच जास्त. अंतर दुप्पट झालं की भरती आणणारी ओढ आठव्या हिश्शावर येते. मग खाडीएवढ्या अंतराने माझी ओढ वाढत का होती?

फोन वाजला. “बाबा, शेजारच्या काकूंनी हात धरलाय. तुम्ही सावकाश या.”

‘सावकाश’ म्हणताना तिचा आवाज कापरा झाला. मी चपला काढून गाळात उतरलो आणि होडी ढकलू लागलो. होडीवाला आधी हसला, मग लुंगी खोचून माझ्या शेजारी उतरला.