नंबर कुणाचा टाकायचा?

"डोळे उघडा अण्णा, स्वल्प वेळच," मी पुन्हा सांगितलं. अण्णांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

मी आधार सेंटरवर ऑपरेटर आहे. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी किट घेऊन जाते. बसवनगुडीतल्या या अण्णांचं आधार होतं, पण अर्धांगवायूनंतर जुने ठसे जुळेनात. जोडलेला मोबाइल नंबरही कधीचा बंद पडलेला. म्हणून सगळं पुन्हा: फॉर्म, फोटो, दहा बोटं आणि आयरिस. आयरिस म्हणजे बुबुळावरची नक्षी. ठशांसारखीच प्रत्येकाची वेगळी.

फोटो झाला, बोटंही झाली. उजवी मूठ आखडलेली होती. त्यांच्या बायकोनं, मी त्यांना अक्का म्हणत होते, ओल्या फडक्यानं पुसत एकेक बोट सोडवलं. "दुखतंय का हो?" असं दर बोटाला विचारलं. अण्णांना बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. तोवर टक लावून माझ्याकडे बघत होते.

मग मुलगा आला, शहरातल्याच एचएसआर लेआउटहून, कानात इअरफोन घालूनच. फॉर्मवर मोबाइलचा रकाना तेवढा रिकामा होता.

"माझा नंबर टाका, मॅडम," तो म्हणाला. "हे घर विकून दोघांना माझ्याकडे न्यायचंय. अण्णा सही कशी करणार? ओटीपी माझ्या फोनवर आला की कागदांचं काम होतं."

"यांना इथून हलायचं नाही रे," अक्का हळूच म्हणाल्या.

"आई, इथे तुम्हाला बघणार कोण?"

वाईट नव्हता तो. अण्णांचा एअरबेड त्यानंच आणलेला, येताना डायपरची पिशवीही. नियमात घरच्यांचा नंबर चालतो. तो मोठ्यानं सांगत गेला, मी टाकत गेले. मशीन डोळ्यांशी नेलं तर डोळे बंद!

"झोप आली असेल," मुलगा म्हणाला.

कसली झोप! पापण्या थरथरत होत्या, कपाळाला आठ्या होत्या.

तेवढ्यात सुपरवायझरचा फोन. "झालं का? इथे लाइन लागलीय."

"डोळे उघडत नाहीत, सर."

"मग फोर्स कॅप्चर कर आणि ये."

फोर्स कॅप्चर म्हणजे मशीनला नीट काही मिळालं नाही तरी तेच पुढे पाठवायचं. ज्याला जमतच नाही त्याच्यासाठी ती सोय आहे. या माणसाला जमत होतं, करायचं नव्हतं.

"त्यांची ना आहे, सर," म्हटलं आणि फोन ठेवला. अय्यो! पुढे ऐकून घ्यावं लागणारच होतं.

मी नंबर खोडला. "अक्का, तुमचा मोबाइल आहे?"

त्यांनी देवघरातून बटणांचा फोन आणला. त्यावरचा नंबर मी मोठ्यानं वाचला. "अण्णा, हा अक्कांचा. हा टाकू?"

डोळे उघडले. पाण्यानं भरलेले, पण सताड उघडे.

माझाच विश्वास बसेना. मुद्दाम मुलाचा नंबर पुन्हा वाचला. डोळे मिटले. अक्कांचा वाचला. उघडले.

मुलानं कानातले इअरफोन काढून खिशात टाकले.

"अण्णा, नको म्हणताय?" त्यानं विचारलं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. अण्णांचे डोळे पुसून आयरिस घेतलं, दोन्ही एका झटक्यात आले.

सबमिट केलं तसा अक्कांचा फोन वाजला. मेसेज आला होता, त्यांना उघडता येईना. मुलगा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. कुठलं बटण दाबायचं, ते त्यांच्या बोटानंच दाबून घेतलं.

"यावर आकडे येतील, आई. ती अण्णांची सही समज. कुणी मागितली तरी द्यायची नाही." फोन परत त्यांच्या मुठीत दिला. "मी मागितली तरी, त्यांना विचारल्याशिवाय नाही."

सेंटरवर परतल्यावर बोलणी बसलीच. घराचं पुढे काय झालं मला माहीत नाही, ते माझं कामही नाही. येणारा प्रत्येक जण फोटो बरा आला का म्हणून वाकून बघतो. नंबराचं कुणी विचारत नाही. आता मीच विचारते, आणि ज्याचं आधार त्याच्याकडे बघून विचारते.