बारा घरांचं पाणी

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी एमएस करत होते तेव्हा माझी रूममेट इराणची होती. तेहरानची वगैरे नव्हे. तिचं गाव म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बारा घरं, बदामाच्या बागा आणि गावात मिळून एक फोन. दोन हजार चारचा सुमार असेल. दर शनिवारी सकाळी ती फोनकार्ड खरवडून गावाला फोन लावायची आणि मग अख्खं गाव ओळीनं तिच्याशी बोलायचं. आमच्या अपार्टमेंटच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे! आठवड्यातली माझी एकुलती एक झोप जायची. "तुझं गाव आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये मावेल," असं मी करवादून म्हणायचे. ती हसायची आणि कोणाची शेळी व्याली ते मला सांगायची.

हळूहळू मीच विचारायला लागले. डोंगराखालून खणलेल्या बोगद्यातून गावाला पाणी यायचं आणि ते वाटीनं मोजायचे. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; भरून बुडाली की एक वाटी झाली. प्रत्येक घराच्या वाट्या ठरलेल्या. तेवढ्या संपल्या की पाणी पुढच्याच्या बागेत वळवायचं. घड्याळं आली तरी बोलणं वाटीचंच. "भांडणं नाही होत?" मी विचारलं. आमच्याकडे टँकर आला की काय व्हायचं ते मी लहानपणापासून पाहिलेलं. "होतात ना," ती म्हणाली, "पण लग्नावरून, शेळ्यांवरून. पाण्यावरून नाही."

त्या उन्हाळ्यात तिकडे पाणी फार आटलं, आणि त्यात तिची आई पाय मोडून पडली. वडील गेलेले, भावंडं नाहीत. गावाचा नियम असा की बोगदा साफ करायला ज्या घरातून माणूस येणार नाही, त्या घराची पाळी माणूस येऊन काम करेपर्यंत बंद. यांची बंद झाली. झालं! हिनं तडक तिकीट काढलं. व्हिसा एकदाच आत येण्याचा. गेली की परत येता येईलच याची खात्री नाही. आणि पीएचडीचं चौथं वर्ष!

"वेडी आहेस का गं?" मी ओरडलेच. "झाडांसाठी चार वर्षं मातीत घालतेस?"

"माझ्या वडिलांनी लावलीत ती. आई दारात बसून ती वाळताना बघणार आणि मी इथे थिसिस लिहू?"

कपाळ माझं! तोंड फुगवूनच मी तिच्या बॅगा भरायला बसले.

निघायच्या आधीच्या शनिवारी, येतेय म्हणून सांगायला तिनं फोन लावला. पलीकडे वाटी सांभाळणारे म्हातारे काका होते. ते म्हणाले, येऊ नकोस, बाग हिरवी आहे. नियम कोणी मोडला नव्हता, तिच्या घराची पाळी बंदच होती. पण उरलेल्या अकरा घरांनी आपापल्या पाळीतली एकेक वाटी तिच्या बागेत सोडली होती.

फोन कानाशी धरूनच हे मला सांगताना ती हुंदके देत होती. मग एकदम थांबली. पाणी आधीच कमी, मग त्यांच्या झाडांचं काय? तिनं विचारलं, कोणाची झाडं वाळली? काकांनी "आमची नाही" म्हणत फोन पुढे दिला. शेजारीण म्हणाली, आमची नाही. तिचा दीर म्हणाला, आमची तर मुळीच नाही. फोन हातोहात फिरत राहिला, ती एकेकाचं बोलणं मला सांगत राहिली. अकरा घरं आणि एकच उत्तर. काय माणसं असतात हो! माझ्याच्यानं तिथे बसवेना, पण उठवेनाही.

शेवटी आई आली. तिला खाटेसकट उचलून फोनपाशी आणलं होतं.

"सगळ्यांचीच थोडी थोडी वाळली," आई म्हणाली. "आता ती डिग्री घेतल्याशिवाय या गावात पाऊल टाकायचं नाही."

तिकीट मी कॅन्सल केलं. तिला डोळ्यांतल्या पाण्यानं स्क्रीन दिसत नव्हता.