दुमडलेलं बोट

सिंहगडावर मी आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, दोनदाच गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. शेवटचा चढ त्यांच्या खांद्यावर बसून चढले. वर गेल्यावर त्यांनी अख्खा हात फिरवून सांगितलं होतं, "ते सगळं पुणं." तिथं काय असतं, असं मी विचारलं. "कामं असत्यात," ते म्हणाले. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्यांदा मी त्यांना घेऊन गेले. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कासार आंबोलीहून रोज जायला-यायला चार तास जायचे, अभ्यास बसमध्ये उभ्यानं व्हायचा. होस्टेलच्या यादीत माझं नाव लागलं होतं. फॉर्मवर आबांची सही हवी होती आणि सोमवार शेवटचा दिवस होता. आठ दिवस ते नुसतं "बघू" म्हणत होते. रविवारी मी म्हटलं, गडावर जाऊ या. खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. फॉर्म मात्र पिशवीत होता.

पुणे दरवाजाशी आबांनी चपला काढून हातात घेतल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मागून येणारी मुलं बुटांसकट आत गेली. मला क्षणभर लाज वाटली. त्या लाजेची आज जास्त लाज वाटते.

वर दही विकणाऱ्या मावशींनी हाक मारली, "मामा, दही घ्या, थंडगार हाय."

"घरनं ताक पिऊन आलोय."

"मग लेकीला तरी द्या! तुमी प्यालात म्हणून तिचं पोट भरलं व्हय?"

आबा हसले. आम्ही एक मडकं घेतलं आणि शहराच्या बाजूला कड्याजवळ बसलो. खाली धरणाचं पाणी, पलीकडे धुरकट, पसरलेलं शहर. लहानपणी पाहिलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठं.

"तुझं कालेज कुटं हाय ह्यात?"

मला सांगता येईना. रोज जाते ती जागा वरून कशी दिसेल, याचा कधी विचारच केला नव्हता. एका टेकडीच्या अलीकडे हिरवा पट्टा दिसला. "ती झाडं हायेत ना, तितं," मी म्हटलं.

"आन ऱ्हायचं?"

"तितंच."

आबांनी हात उचलला आणि झाडांकडे बोट केलं. पण सरळ नाही, दुमडून. ते ज्या बंगल्यावर माळीकाम करतात, तिथं मागच्या बाजूला त्यांनी भोपळ्याचा वेल लावलाय. कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलं की तो कुजून गळतो, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचाच झाला तर बोट दुमडून. लहानपणी विसरले की हातावर चापट बसायची.

"आबा, त्यो काय भोपळा न्हाई," मी हसत म्हटलं.

"ठाव हाय मला." त्यांनी तोच हात माझ्यापुढे पसरला. मग म्हणाले, "कागद आणलाच असशील. दे."

वाऱ्यानं फॉर्म फडफडत होता. मी दोन्ही हातांनी तो त्यांच्या गुडघ्यावर धरला. एकेक अक्षर दाबून त्यांनी सही केली. "रविवारी मातुर घरी यायचं," म्हणाले, आणि उरलेलं दही माझ्याकडे सरकवलं.

आता मी होस्टेलवर राहते. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर दिसतो. एकदा नीट दिशा लावून पाहिली, तेव्हा कळलं की मी दाखवलेली झाडं आमच्या कॉलेजची नव्हतीच. गडावरून बघितलं तर आमची इमारत त्या झाडांच्या बरीच उजवीकडे आहे. आबांनी बोट दुमडून जपली ती झाडं दुसऱ्याच कुणाची होती.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी घरी गेले की ते विचारतात, "झाडं बरी हायेत का तुमच्यातली?" मी म्हणते, "लई बरी हायेत."