सातभाईंचं घरटं आणि आक्काचे मुके हात

सातभाई पाखरांची कलकल मला सोसत नाही. परसातल्या बाभळीवर ते सात-आठ जण जमले, की मी काठी आपटून हाकलते. घरातले हसतात. हसेनात का! जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

प्लेगाचं साल होतं, मी आठ वर्षांची. निपाणीतल्या आमच्या घरात उंदीर मरून पडला आणि तासाभरात दाराला कुलूप घालून आम्ही शेतात आलो. तंबाखूच्या रानाकडेला कडब्याचं खोपट घातलं. वडील, आई, आईच्या अंगावर पिणारा भाऊ, मी आणि आक्का. आक्का म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. दहाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा माहेरी आली ती आलीच. आम्हाला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं, सगळं तिच्याकडे.

शेजारच्या बाभळीत सातभाईंचं घरटं होतं. एक पाखरू किडा आणी, मग दुसरं आणी, मग तिसरं. मी विचारलं, "आक्का, ह्यातली आई कंची गं?"

"मला काय ठावं! पिल्लं तरी कुठं इचारत्यात? चोच उघडत्यात, मिळंल ते गिळत्यात. तुझ्यावानी नखरं न्हाईत त्यांचं."

चार दिवसांनी माझ्या काखेत गाठ आली. वडिलांनी मला लांब, निराळ्या खोपटात ठेवलं. कुणी न सांगता आक्का माझ्यासोबत आली. आईला मात्र यायची बंदी, कारण अंगावर तान्हं होतं. आक्का पेज भरवायची आणि मी थुंकायची. "तू नगंस! आईला बोलीव!" तापानं डोळे उघडत नव्हते, पण कान शाबूत होते. आईच्या हातात काचेच्या बांगड्या वाजत. आक्काचा हात मुका. विधवेच्या हातात बांगडी कुठली? वाटी ओठाला लागली की मी कान द्यायची, आणि आवाज आला नाही की तोंड मिटायची. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घेईना.

त्या दिवशी दिवेलागणीला बांगड्या वाजल्या. आईच्या लुगड्याचा वास आला. मी तोंड उघडलं, सगळी पेज प्याले. पुढं पाच दिवस तोच हात भरवत होता. गाठ फुटली, मी वाचले. डोळे उघडले तेव्हा उशाशी वडील होते. आक्का तापानं गेली, एवढंच ते म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं मी मिरवलं. मरणाला न भिता आईनं मला वाचवलं, आक्का तर कंटाळून बाजूला झाली होती, असं चारचौघांत सांगायची. आई खाली बघून ऐकायची.

शेवटच्या दुखण्यात आईनं माझा हात धरला. "मी तुझ्या खोपटात आलेच न्हवते गं. ती दारातनं म्हणाली, वैनी, तुमचं लुगडं द्या, आन् हातातल्या चार बांगड्या. मी काढून दिल्या. सरणावर तिच्या हातात त्या बघून लोक न्हाई न्हाई ते बोलले. रांडवबाईनं बांगड्या भरल्या, म्हणून देवानं नेली म्हणे. मी गप बसले. तू माझं गुण गात व्हतीस, मला ते सोडवंना."

माय मरो नि मावशी उरो म्हणतात. आत्याला म्हणीतसुद्धा कुणी जागा दिली नाही, आणि मी तर घरातही दिली नाही. आईवर रागवायला गेले, पण तोंड कुणाचं मिटलं होतं? पिल्लू विचारत नाही. मी विचारलं.

आता माझी पन्नाशी उलटली. कपाळ पांढरं झालं, हात मोकळे झाले. परवा नातवाला भात भरवत होते. त्यानं कान दिला नाही, आ केला आणि घास गिळला. तेवढ्यात माझ्या पाठीमागं बांगड्या वाजल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. वळून बघायचं धाडस झालं नाही.

आक्का, काढून ठेव गं त्या. तुझ्या मुक्या हातानं दे, मी खाते.