सोनूबाईला कळेपर्यंत

आबाजीपंतांनी लिहिलेला कोणताही सरकारी जाहीरनामा साहेबाच्या सहीला जाण्याआधी सोनूबाईच्या कानावरून जात असे. सोनूबाई ही खाडीपलीकडच्या गावातली आगरीण. नवरा धर्मा मिठागरात राबायचा आणि ती होडीने ठाण्याला येऊन आमच्या कलेक्टर कचेरीतल्या घोड्यांसाठी गवताचे भारे टाकायची. भारा उतरवून ती पायरीवर टेकली, की पंत कागद घेऊन तिच्यापुढे उभे राहत आणि खणखणीत आवाजात वाचत. मग म्हणत, "काय समजलं ते सांग." तिने बरोबर सांगितलं तर कागद आत जाई. तिने नुसतं डोकं खाजवलं, तर पंत तो तिथेच फाडत आणि पुन्हा लिहायला बसत. आम्ही कारकून मंडळी तोंडाला उपरणं लावून हसायचो. साहेबाच्या वर आणखी एक साहेब पायरीवर बसलाय, असं म्हणायचो.

पंतांच्या मजकुराच्या सुवाच्य नकला करणं हे माझं काम. त्यांचं काम म्हणजे देशी पत्रांत सरकारविषयी काय छापून येतं, त्याचा गोषवारा साहेबाला द्यायचा, आणि साहेबाच्या मनात काय आहे ते लोकांना सांगायचं. त्यांच्या आधीच्या कारकुनाने गुरांच्या रोगाबद्दल असा काही भारदस्त जाहीरनामा लिहिला होता, की सरकार गुरं ओढून नेणार असं समजून दोन गावांनी ती डोंगरात हाकलली आणि निम्मी तिथेच मेली. तेव्हापासून पंतांनी सोनूबाईला धरलं. दवंडीवाल्याबरोबर ते स्वतः गावोगाव जात. मला म्हणायचे, "बाळकृष्ण, सरकारला हात आहेत, डोळे आहेत, तोंड तेवढं नाही. ते तोंड म्हणजे मी. निदान धुतलेलं तरी असावं."

मग प्लेग आला. आधी कल्याणात, मग खाडीकाठच्या गावांतून. रोग्यांसाठी खाडीच्या कडेला झोपड्यांची छावणी उभी राहिली, पण लोक आपली माणसं माळ्यावर, गवताच्या गंजीमागे लपवू लागले. साहेबाने जाहीरनामा मागितला. पंतांनी साहेबाशी तास-दीड तास हुज्जत घालून त्यात एक वाक्य घालून घेतलं: 'रोग्याजवळ घरचं एक माणूस राहील, आणि मरण आलं तर देह घरच्यांच्या हाती दिला जाईल.' सोनूबाईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. तिला ते पहिल्या वेळेसच कळलं होतं, हे मला पुढे उमगलं.

तिच्याच गावात वाचायला निघायच्या दिवशी सकाळी वरून नवा हुकूम आला. छावणीत नातेवाइकांना मज्जाव, आणि देहही सरकारच जाळणार. साहेबाने पंतांना बोलावलं, मी नकला घेऊन मागे उभा होतो. साहेब म्हणाला, "आज जुनाच कागद वाचा. आधी रोगी बाहेर येऊ द्या, नाहीतर सगळं गाव जाईल. नवा हुकूम दोन दिवसांनी सांगू." पंतांनी दौतीचं झाकण लावलं. मग माझ्या हातातली जुनी नक्कल घेऊन म्हणाले, "गाव तरी वाचेल, बाळकृष्ण." मी उरलेल्या नकला बांधून घेतल्या. बोलायला हवं होतं.

पंतांनी गावच्या वडाखाली जुना कागद वाचला. सोनूबाई ऐकत होती. वाचून संपल्यावर ती घरात गेली आणि माळ्यावर लपवून ठेवलेल्या आजारी धर्माला पाठीवर घेऊन बाहेर आली. शेजारीण अडवायला धावली, तर तिच्यावर ओरडली, "सोर मना! पंतांनी सांगलाय, मी संगती ऱ्हावाची." तिच्यामागून आणखी सात घरांतले रोगी निघाले.

छावणीच्या फाटकाशी तिला शिपायांनी थांबवलं. धर्मा तिसऱ्या दिवशी गेला. सरकारी मजुरांनी त्याला परस्पर जाळलं. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याच कोणाकडून. गाव मात्र वाचलं. साहेबाचा हिशेब चुकला नव्हता, आणि हेच मला आजही गिळवत नाही.

आठ-दहा दिवसांनी ती भारा घेऊन आली. पंत पायरीवर गेले, हातात कागद नव्हता. ते काही म्हणणार तोच तीच म्हणाली, "पंतानू, मना सगला समाजला व्हता. तुमची काय चूक नाय. सायबानं तुमानापन फसवला."

मला वाटलं, आता पंत सांगतील. त्यांचे ओठ हललेही. पण ते तसेच मागे वळले आणि आत येऊन बसले.

त्यानंतर पंतांनी एकही कागद तिला वाचून दाखवला नाही. त्यांची मराठीच पालटली. 'उपरिनिर्दिष्ट इसमांखेरीज इतरांस प्रवेश निषिद्ध असून तद्विरुद्ध वर्तन करणारे दंडास पात्र समजले जातील' असलं लिहू लागले. साहेब खूश झाला, भाषेला आता सरकारी वजन आलं म्हणाला, आणि पंतांना बढती मिळाली. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "जे कळत नाही, त्याच्यावर कोणी विसंबत नाही. तेवढंच आता माझ्या हातात आहे."

पुढल्या हिवाळ्यात प्लेग ठाण्यात शिरला. पंतांच्या काखेत गाठ आली. त्यांनी बायकोला घरात थांबायला सांगितलं आणि स्वतःच्या पायांनी छावणीत गेले. चौथ्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलो. शिपायाने सांगितलं, पंत पहाटेच गेले.

मी तिथेच उभा होतो, तर सोनूबाई आली. हातात फडक्याने बांधलेलं पेजेचं मडकं. पंत आजारी असल्याचं तिला होडीवर कळलं होतं. मी सांगितलं तसं तिने मडकं जमिनीवर ठेवलं आणि खाली बसली. फाटकावर जाहीरनामा डकवलेला होता, पंतांनी लिहिलेला शेवटचा, माझ्या अक्षरातला.

"काय लिवलाय त्याव?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"ह्यातला येक सबूद मना समाजला नाय," ती म्हणाली. "ह्यो पंतांचा नसल."

"नाही," मी म्हणालो. "पंतांचा नव्हे."