उसवायचा दिवस

टाचणीबाईचा राजधानीत एक माणूस होता, हे गल्लीत लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. इस्त्रीवाल्याच्या मते तो बँकेत साहेब होता. किराणावाल्या काकूंच्या मते तो लष्करात होता आणि त्याला मिशा होत्या. त्या मिशांचं वर्णन काकू असं करतात, जणू रोज सकाळी त्यांनीच तेल लावून दिलं असावं. त्याने शब्द फिरवला, म्हणून ही बाई वीस वर्षं राजधानीची पायरी चढली नाही. कारखान्याची सहल तिकडे निघाली तेव्हा हिची दाढ दुखली. भावाच्या ऑफिसची निघाली तेव्हा पाय मुरगळला. तिसऱ्यांदा तर सहल निघायच्या आधीच ताप आला.

दाढ, पाय, ताप एवढं खरं आहे. बाकी सगळं खोटं. राजधानीत माणूस नव्हता, पडदा होता. दोन मजले उंच, गडद लाल मखमलीचा, चोवीस पट्ट्यांचा, मोठ्या नाट्यगृहाचा पडदा. त्याला मिशा नव्हत्या, खाली सोनेरी झालर होती.

हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर पडद्यांचा कारखाना आहे. टाचणीबाई तिथे अठ्ठावीस वर्षं शिवते. हे नाव तिला ओठांत धरलेल्या टाचण्यांमुळे पडलं. दिवसभर पाचसहा टाचण्या तोंडात असल्याने ती ओठांच्या कोपऱ्यातून बोलते आणि तेही मोजून. गिऱ्हाईकाने पडदे कधी मिळतील विचारलं की ती म्हणते, "शनिवार." काम शुक्रवारीच होणार असतं, पण मधला एक दिवस ती कुणालाही देत नाही. तिच्या भाषेत तो उसवायचा दिवस. काम झालं की एक रात्र ते तसंच टांगायचं, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघायचं आणि चुकलं असेल तर उसवायचं. नसेल चुकलं तर त्या दिवशी चहा प्यायचा. मालकाने तो दिवस काढून टाकायचा तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा स्वतःच चहा पिऊन गेला.

आयुष्यात फक्त एका कामाला तिला तो दिवस मिळाला नाही, तो म्हणजे हा पडदा. नाट्यगृहाचं उद्घाटन अचानक अलीकडे आलं. टेबल पुरेना, खोली पुरेना, म्हणून शिवून झालेले पट्टे दारातून बाहेर जिन्यावर पसरले होते आणि माणसं भिंतीला चिकटून वर येत होती. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर खरखरीत. सगळे पट्टे एकाच दिशेने लावावे लागतात, नाहीतर दिव्यात उलटा पट्टा फिका दिसतो. म्हणून टाचणीबाई प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूने बाण काढायची. सतराव्या पट्ट्याला वीज गेली. तिने तो मेणबत्तीवर, पायाने मशीन मारत शिवला. बाण पाहिला होता की नाही, हे तिला नंतर काही केल्या आठवेना. तोवर ट्रक निघून गेला होता. वर्षा-दोन वर्षांनी एक सोफेवाला राजधानीहून आला आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमचा पडदा पाहिला हं. झकास आहे. एक पट्टा तेवढा फिका वाटतो."

सोफेवाला ते विसरला. टाचणीबाईच्या दाढेला ते अठरा वर्षं पुरलं.

यातलं तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. घर म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. दादा पाण्याच्या मीटरच्या कचेरीत आहेत आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी "मुद्दा असा" येतो. वहिनी "मी काही बोलत नाही, पण" अशी सुरुवात करतात आणि मग अर्धा तास बोलतात. मुलीला सगळे मैना म्हणतात, कारण ती घरातल्या प्रत्येकाची नक्कल करते. आत्याची नक्कल ती तोंडात काड्या धरून करते, आणि ती इतकी हुबेहूब असते की एकदा मालकाने फोनवर तिलाच ऑर्डर सांगितली होती.

यंदा दादांनी राजधानीचा बेत काढला. त्यांनी रेघांच्या कागदावर चौदा ठिकाणं लिहिली आणि प्रत्येकापुढे मिनिटं टाकली. राजवाड्याला पन्नास, संग्रहालयाला चाळीस, मनोऱ्याला चढउतर धरून पंचवीस. मुद्दा असा, की राजधानी दोन दिवसांत उरकते. तिसरा दिवस म्हणजे हॉटेलवाल्याची धन. वहिनी काही बोलत नव्हत्या, पण बाजार कुठे लिहिलाय, आणि पायांना गोळे आले तर ते कुठल्या मिनिटांत बसवायचे, असं त्यांनी विचारलं. त्यांना तीन दिवस हवे होते. मैनाला वाटलं, आता आत्याची दाढ.

आत्या पाणी प्यायली आणि भांडं खाली ठेवून म्हणाली, "चार."

जेवण थांबलं. दादांनी विचारलं, चार काय. दिवस, असं उत्तर आलं. जी बाई वीस वर्षं अर्ध्या दिवसालाही तयार नव्हती, ती चार मागत होती, तेही तोंडात टाचण्या नसताना. दादांनी कारण विचारलं, तेव्हा ती ताट उचलून उठून गेली. वहिनींनी ओठांवरून बोट फिरवून मैनाला मिशांची खूण केली.

खरं कारण तिच्या उशीखाली होतं. त्या आठवड्यात टाचण्यांची पुडी ज्या वर्तमानपत्रात बांधून आली, त्यात चार ओळींची बातमी होती: महिनाअखेर मोठ्या नाट्यगृहाचा जुना पडदा उतरणार, नवा यंत्राचा बसणार. पडदा उतरला की आपण चुकलो होतो की नाही, हे मरेपर्यंत कळणार नव्हतं. मैनाला ते कात्रण सापडलं, आणि मग आत्याला सगळं सांगावंच लागलं. मैनाने दिवस बोटांवर मोजले. सोमवारी पोचायचं. मंगळवारी नाट्यगृह बंद. बुधवारी दुपारचा खेळ, म्हणजे पडदा बघायचा. मग गुरुवार कशाला?

"उसवायला," आत्या म्हणाली, आणि पिशवीत सुया, दोरा, बोटात घालायचं अंगुस्तान आणि धारेची छोटी कात्री भरली.

घरात शेवटी तह झाला तो असा: दोन दिवसांनी दादा आणि वहिनी परततील, आत्या आणि मैना मागे राहतील.

सोमवारी राजवाड्याच्या रांगेतच पन्नास मिनिटं गेली. मनोऱ्याच्या तिसऱ्या वळणावर दादा टेकले आणि तिथून दिसलं तेवढ्या शहराला त्यांनी चार ठिकाणं धरली. मंगळवारी संग्रहालयात वहिनी एका काचेच्या पेटीसमोर बाकावर बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. आत काय होतं ते त्यांना अजून सांगता येत नाही, पण बाक उत्तम होता म्हणतात. मंगळवारी संध्याकाळी चौदापैकी सातच ठिकाणं झाली होती. दादांनी बूट काढले, पाय बादलीत सोडले आणि कागदाकडे बराच वेळ बघून म्हणाले, की मुद्दा असा, राजधानीला चार दिवस तरी लागतातच. जणू हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. टाचणीबाईने आपला टॉवेल त्यांच्याकडे सरकवला. परतीची तिकिटं पुढे ढकलली गेली.

बुधवारी दुपारी चौघं नाट्यगृहात बसली. टाचणीबाईने दोन्ही हात मांडीखाली घातले होते. दिवे मंद झाले, पडद्यावर पिवळा झोत आला आणि वीस वर्षांपूर्वी जिन्यावर पसरलेली ती मखमल तिच्यासमोर उभी राहिली.

एक पट्टा फिका होता.

मैनाला वाटलं, आता ही उठून जाईल. आत्या उठली नाही. ओठ हलत होते, ती मोजत होती. डावीकडून, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. पडदा वर गेला, नाटक सुरू झालं, लोक हसले, कोणीतरी मेलं. तिने त्यातलं काहीही पाहिलं नाही. मध्यंतरात तिने मैनाचं मनगट धरलं.

"तो नववा आहे," ती म्हणाली. "वीज गेली ती सतराव्याला."

खेळ संपल्यावर ती सरळ रंगमंचाच्या बाजूच्या दाराशी गेली, बाकी तिघं मागोमाग. तिथे दोरखंड गुंडाळत एक म्हातारा उभा होता, पडदा वर-खाली करणारा. आत यायला बंदी आहे, असं तो म्हणेपर्यंत ती आत होती. तिने सांगितलं, हा पडदा मी शिवलाय. म्हाताऱ्याने तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, कशावरून. तिने पडद्याची पाठ वळवली. पट्ट्यामागून पट्ट्यावर खडूचे बाण होते, पुसट पण एका रेषेत, सगळे खाली तोंड केलेले. सतराव्यावरचा बाण जरा वाकडा होता, मेणबत्तीत काढल्यासारखा. पण होता, आणि खालीच होता.

नवव्यावर बाणच नव्हता. टाके लांब लांब होते, जणू शिवणाऱ्याला पुढची गाडी पकडायची होती.

म्हाताऱ्याला मग आठवलं. दुसऱ्याच वर्षी एका दिव्याने तो पट्टा भाजला होता. पडद्याबरोबर जास्तीचं कापड आलं होतं, त्यातून इथल्याच कुणी घाईघाईने नवा बसवला. ते जास्तीचं कापड कुणी घडी घालून पाठवलं होतं, हे टाचणीबाईला सांगायची गरज नव्हती. तिने नवव्यावरून वरून खाली हात फिरवला. खरखरीत. तिच्याच कापडाचा तुकडा कुणीतरी उलटा लावला होता.

ती खाली फळ्यांवर बसली आणि हसायला लागली. टाचण्या नसल्याने पूर्ण तोंड उघडून हसली. वहिनींनी तिचे सगळे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि दाढ शाबूत होती. मग दादा-वहिनींनाही सगळी गोष्ट कळली. दादा म्हणाले, की मुद्दा असा, चूक आपली नाही, तेव्हा उद्या कारंजं, बाग आणि जुना पूल करून टाकू.

टाचणीबाई म्हाताऱ्याला विचारत होती, उद्याचा खेळ किती वाजता. संध्याकाळी, तो म्हणाला, पण बाई, पाच दिवसांनी हा उतरायचाच आहे, आता कशाला?

"पाच दिवस आहेत ना अजून," ती म्हणाली. "चूक दुसऱ्याची असली तरी पडदा माझा आहे."

गुरुवारी सकाळी पडदा खाली आला. नाट्यगृहाच्या कपडेपटात मशीन होतं. तिथल्या बाईने ते दिलं आणि वर स्वतःही मदतीला बसली. टाचणीबाईने नववा दोन्ही बाजूंनी उसवला. मखमलीचं वजन दादांच्या खांद्यावर होतं. कारंजं, बाग आणि जुना पूल त्यांनी त्या लाल ढिगाखालून पाहिला. वहिनी काही बोलत नव्हत्या, आणि या वेळी खरंच बोलत नव्हत्या, कारण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. पट्टा फिरला, वरच्या चुण्या पुन्हा बसल्या, झालर खाली आली. मोडलेल्या लवेला इस्त्रीची वाफ दिली. शेवटी टाचणीबाईने पाठीवर खडूने बाण काढला.

तिथेच पैज लागली. मैनाचं म्हणणं होतं की अठरा वर्षं उलटा राहिलेला पट्टा लपणार नाही. कुणालाही विचारा, बरोबर दाखवेल. आत्या म्हणाली, लाव. आत्या हरली तर तिने महिनाभर तोंडात एकही टाचणी न धरता शिवायचं. मैना हरली तर महिनाभर कुणाचीही नक्कल करायची नाही.

संध्याकाळी झोत पडला. शेजारच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन आलेले एक आजोबा होते. मैनाने त्यांना सांगितलं, आजोबा, यातला एक पट्टा फिका आहे, ओळखा. आजोबांनी दुर्बीण लावली, चष्मा पुसला, पुन्हा दुर्बीण लावली. पडदा वर जायच्या अगदी आधी त्यांनी ठामपणे बोट दाखवलं. एकविसाव्याकडे.

पैज हरलेल्या माझ्याकडे आत्याने पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतला.

पैजेच्या महिन्याचा आज बारावा दिवस आहे. काकू मिशांवर दोन वाक्यं बोलून गेल्या, दादा रोज कुणाला तरी चार दिवसांचा मुद्दा पटवतात, आणि मला तोंड मिटून ऐकावं लागतं. पैज नकलेची होती. लिहिण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.